इतर आजार : नाही

फॉर्म तू स्वतःच भरलास, तेरेमोआना.
माझा चष्मा गाडीत राहिला होता.
'इतर आजार' पुढे तू लिहिलंस : नाही.
ठसठशीत, एका दमात,
कागदाच्या गिरणीत तीस वर्षं
हजेरीबुकात सही करायचास तसं.

खुबा म्हणजे मानाचं दुखणं,
ओंडके ओढून ओढून कमावलेलं.
अंगठ्याचं मात्र लपवायचं.
त्याला गिरणीत हसायचे :
काय रे, काल कुणाच्या लग्नात जेवलास?
किती डुक्कर, किती शिंपले, किती बिअर?
तुझ्या बापाचा अंगठा असाच सुजायचा,
बापाच्या आईचा गुडघा.
त्या एवढ्याशा बेटावर तेव्हा बिअर होती कुठे?
पण हे लिहायला
फॉर्मवर रकाना नव्हता.

हॅमिल्टनच्या इस्पितळात
पहिले दोन दिवस तू नवरदेव.
येईल त्या नर्सला एक्स-रे दाखवायचास,
"हा बघ, कंपनीचा माल."
फिजिओ ब्रॉन्विन म्हणाली, परवा जिना चढायचा.

चौथ्या पहाटे
त्याच पायाचा अंगठा जागा झाला.
मग गुडघा.
तू चादर लाथाडू पाहिलीस
आणि लाथही मारता येईना.
पलीकडच्या कॉटवरचा म्हातारा खोकला
तर त्याचा धक्का तुझ्या नखात.

ताप साडेअडतीस.
डॉक्टरांचा घोळका आला, रक्त घेऊन गेला, परत आला.
एक म्हणाला, जंतू.
दुसरा, दाराशी, हळू आवाजात :
कदाचित पुन्हा उघडावं लागेल.
तू माझ्याकडे पाहिलंस.
ती नजर मला पाठ आहे.
बोलू नकोस, तेपाएरू.

मी बोलले.
बोलले की हा एकोणीस वर्षं
रोज रात्री एक पांढरी गोळी घेतो,
माझ्याकडे पाठ करून,
आणि आज सहा दिवस झाले, घेतलेली नाही.
बाटली घरी आहे,
दाढीच्या साबणामागे.

तू भिंतीकडे तोंड केलंस.
तेवढं वळायलाही तुला
दोन नर्स लागल्या.

गुडघ्यातलं पाणी सुईने काढून नेलं.
संध्याकाळी तरुण डॉक्टरीण आली, दमलेली, हसरी :
"सूक्ष्मदर्शकाखाली सुया दिसल्या,
चमकणाऱ्या. जंतू अजून तरी नाहीत."
सुया तुझ्याच, तेरेमोआना.
रक्तात वाढलेल्या, घरच्या.

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात.
म्हणणाऱ्यांनी
शेपटाला विचारलं नसावं.
नवा खुबा उभा राहायला तयार,
पण उभं राहायचं कशावर? अंगठ्यावर.
नऊ दिवस वॉकर पलंगाशी उभा,
बोलावणं न आलेल्या पाहुण्यासारखा.
मूत्रपिंडं जपायची म्हणून औषधही मोजून मापून.
ब्रॉन्विन रोज यायची,
तुझ्या मांडीवर हात ठेवून म्हणायची,
"नुसती आवळ. सोड. आवळ."
मी बाजूला बसून
माझीही मांडी आवळायचे.

घरी, टोकोरोआत, जुलैचं धुकं,
गिरणीचा वास खिडकीपर्यंत.
डबाबंद गोमांसाचं रिकामं खोकं
मी सुरीने कापलं
आणि तुझ्या पावलावर उपडं घातलं,
पांघरुणाला तेवढाच आधार.
खोक्यावर अजून बैलाचं चित्र.
तू ते बघितलंस आणि हसलास,
पहिल्यांदा, मग टाके दुखले.

काल पत्रपेटीपर्यंत गेलास.
एका पायात बूट, दुसऱ्यात
पुढून कापलेली सपाता.
नातू इओना पावलं मोजत होता,
चौतीसवर चुकला,
पुन्हा एकपासून मोजायला लागला.
तू थांबलास, त्याची चूक होईपर्यंत नाही,
श्वास येईपर्यंत.

फ्रिजवर चुंबकाखाली
रक्ताचा आकडा आहे. अजून खाली यायला हवा.
त्याच्या शेजारी
पुढच्या तपासणीचा फॉर्म.
माझा चष्मा नाकावर आहे.
पेन तुझ्याकडे.